नऊ हिवाळ्यांचे टायर

२० ऑक्टोबर, शनिवार

गाडी आली. गडद हिरवी, लांबट, पाच माणसं आणि पाच माणसांचं सामान मावेल अशी, चारही चाकं ओढणारी. नऊ वर्षं वापरलेली आहे, पण आधीचा मालक समुद्रकिनाऱ्याकडचा शाळामास्तर. तिकडे बर्फ म्हणजे आला पाहुणा, गेला पाहुणा. गाडी जपलेली दिसते.

विकणाऱ्याने गाडीबरोबर ही निळी वही दिली, पेट्रोल लिहून ठेवायला म्हणून. आकडेमोडीचा मला नोकरीतच कंटाळा आलाय. नगरपालिकेच्या पाणी खात्यात तीस वर्षं मीटर वाचले, आता घरी येऊन स्वतःच्या गाडीचा मीटर वाचायचा? त्यापेक्षा गाडी कशी वागते ते लिहीन. पुढेमागे विकायची झाली तर घेणाऱ्याला एका मालकाचा अनुभव आयता मिळेल.

पहिला अनुभव: आमच्या घरचा चढ. मागची चिमुकली गाडी दर हिवाळ्यात तिथे गुडघे टेकायची आणि मी खाली उतरून ढकलायचो. आता बघू म्हणावं.

किमिएने गाडीला एक फेरी मारली, चारही दारं उघडून लावून पाहिली आणि म्हणाली, "चांगली आहे. बर्फाचे टायर किती जुने आहेत?" बायकोने नव्या गाडीबद्दल पहिला प्रश्न हा विचारावा, म्हणजे बघा.

४ नोव्हेंबर, रविवार

खिंडीपर्यंत जाऊन आलो. जाताना मी चालवली, येताना किमिएने. ती वृद्ध केंद्राची व्हॅन चालवते. सकाळी वस्त्यावस्त्यांतून म्हाताऱ्यांना गोळा करायचं, संध्याकाळी घरोघर सोडायचं. अकरा वर्षांत गाडीला ओरखडा नाही. हे ती स्वतः कधी सांगत नाही. बाकी सगळे सांगतात, आणि मी समोर असलो की जरा जास्तच सांगतात.

वळणावर ती गाडी अशी फिरवते की कपातला चहा हलणार नाही. मी तिला म्हटलं, ही गाडीच तशी आहे, यात तुझं काही नाही. ती हसली.

उताराच्या पायथ्याशी त्सुने आजी मुळ्यांची जुडी घेऊन उभी होती, तिलाही घेतलं. आमच्या चढाखाली, अगदी वळणावर तिचं घर. एक्क्याऐंशीची आहे, एकटी राहते, आणि कुणी मदतीचं नाव काढलं तर रागावते. लहानपणी तिच्या झाडावरची फळं चोरली म्हणून तिने माझा कान पिरगाळला होता. अजून ती माझ्याकडे त्याच नजरेने बघते. मागच्या सीटवर ऐसपैस बसून म्हणाली, "तेरुओ, ही गाडी तुझ्या मानाने फार चांगली आहे."

१७ नोव्हेंबर, शनिवार

गाडीबरोबर आलेले बर्फाचे टायर कुवाबाराच्या गॅरेजात दाखवले. सगळ्या वस्तीच्या गाड्या तोच बघतो. मला वाटलं होतं शाबासकी मिळेल, कारण खाचा इतक्या खोल आहेत की टायर नवेच वाटतात. किनाऱ्याकडे झिजणार तरी कशाने?

त्याने टायरच्या कडेवरचा आकडा दाखवला. २००९ सालचा एकतिसावा आठवडा. मग अंगठ्याचं नख रबरात दाबलं. नख उमटलं नाही. "खाचा आहेत, रबर मेलंय," म्हणाला. "नऊ हिवाळे झाले. हे घालू नका, होशिना-सान."

मी म्हटलं, अहो, चारही चाकं ओढतात.

"सुटायला चार चाकं कामाला येतात. थांबायला फक्त रबर."

हे वाक्य तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत असणार. नवे टायर मागवायचे तर नाव लिहून ठेवा म्हणाला, आधी वीस जण आहेत, पहिला बर्फ पडायच्या आत जमेल असं सांगता येत नाही. पुढच्या आठवड्यात सांगतो म्हणून आलो. किमिएनेही ऑक्टोबरात तेच विचारलं होतं, आता हाही तेच बोलतोय. मला यांच्यापेक्षा कमी कळतं असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलंय.

२५ नोव्हेंबर, रविवार

टायर बदलले. म्हणजे उन्हाळ्याचे काढून ते नऊ हिवाळे काढलेलेच घातले. जॅक, पाना, सगळं स्वतः. आधी ते साबणाने धुतले, मग चकाकी आणायचं काळं पॉलिश असतं ते लावलं. पॉलिश कशाला लावलं ते मला विचारू नये. डबा उघडा होता म्हणून लावलं.

किमिए वाळत घातलेले कपडे काढायला बाहेर आली. "नवे घेतले?" म्हणाली.

मी "हो" म्हटलं.

तिला बरं वाटलेलं दिसलं. एवढंसं तर बोललो. "नाही" म्हटलं असतं तर जेवणभर ऐकावं लागलं असतं, आणि पुढच्या वर्षी घेणारच आहे. उगाच या गोष्टीचा बाऊ नको.

९ डिसेंबर, रविवार

काल दुपारपासून साठ सेंटिमीटर बर्फ. सकाळी सगळी वस्ती आपापल्या दारात फावडी घेऊन उभी. गाड्यांचे वायपर काचेला गोठून चिकटू नयेत म्हणून आकाशाकडे वर केलेले.

गाडीचा अनुभव: अप्रतिम. चढ असा चढली की मी मुद्दाम खाली येऊन पुन्हा एकदा चढलो. वस्तीप्रमुख ओनोझुकांची गाडी नाल्याच्या कडेला रुतली होती, दोर बांधून ओढून काढली. चार माणसं बघत होती. कुवाबाराही होता. त्याने माझ्या टायरांकडे पाहिलं आणि मग दुसरीकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, काय रे, मेलेलं रबर कसं ओढतंय?

उतरताना वळणावर एकदा जरा पुढे गेली. हळू होतो, काही झालं नाही. नव्या गाडीचा अंदाज यायला वेळ लागतो.

१४ डिसेंबर, शुक्रवार

त्सुने आजीला लागलं. किमिए गाडी चालवत होती. आज लिहवत नाही.

१५ डिसेंबर, शनिवार

लिहून काढतो.

काल किमिएची सुट्टी होती. मी ऑफिसात. वर्षअखेरच्या कागदांवर सहीच्या जागी मारायचा माझा नावाचा शिक्का हवा होता आणि तो घरी कपड्यांच्या कपाटात राहिला होता. वरिष्ठ दोनदा येऊन विचारून गेले. मी घरी फोन केला, शिक्का घेऊन लगेच ये. ती म्हणाली, रात्रीचा बर्फ वितळून पुन्हा गोठलाय, तासाभराने बसने आणून देते. मी म्हटलं, "गाडी कशाला घेतलीय मग? टायर नवे आहेत, काही होत नाही."

हे मी म्हटलं. शब्द न् शब्द हेच.

त्सुने आजी घरापुढचा बर्फ दांडा लावलेल्या मोठ्या पत्र्याच्या सुपाने ढकलत रस्त्याच्या कडेला आली होती. गाडी वेगात नव्हती. किमिएने ब्रेक दाबला आणि गाडी थांबली नाही. सरकत गेली, हळूहळू, आणि आजीला कमरेशी लागली. खुब्याचं हाड मोडलं.

मी पोचलो तेव्हा रुग्णवाहिका गेली होती. पोलीस माप घेत होते. किमिए पुढच्या चाकापाशी उकिडवी बसली होती, हातमोजा काढून, टायरवरचा बर्फ पुसत. भेदरली असेल बिचारी, काय करतोय याचं भान नसेल. मला बघून उठली, कोटाच्या खिशातून माझा शिक्का काढला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. "घ्या. तुमचं काम अडलं असेल."

पोलिसांनी खाचांची खोली मोजली, बर्फाचे टायर आहेत असं लिहिलं. त्यांना खाचाच मोजायच्या असतात. मग तिला विचारलं, काय झालं. ती म्हणाली, "माझा पाय ब्रेकवर उशिरा पडला."

मी शेजारी उभा होतो. तिचा पाय अकरा वर्षांत कधी उशिरा पडलेला नाही. मी तोंड उघडलं आणि थंड हवा आत गेली तेवढंच.

१७ डिसेंबर, सोमवार

दवाखान्यात गेलो. बीनच्या गोड वड्यांचा डबा, वर पांढरा कागद. आजीचं काल ऑपरेशन झालंय. किमिए खोलीच्या दारातच गुडघ्यांवर बसली आणि कपाळ जमिनीला टेकवलं. मीही तिच्या मागे टेकवलं. तिच्या मोज्यांचे तळवे माझ्या डोळ्यांपुढे होते. अपराध्यामागे वाकलेला भला नवरा, असं माझं चित्र.

आजीची मुलगी शहरातून आली आहे. ती काही वाईट बोलली नाही, पण सरळ बघितलंही नाही. आजी मात्र माझ्याकडे बघत होती. "तेरुओ, घरी जाऊन तिच्यावर ओरडू नकोस," म्हणाली.

नाही ओरडणार, असं मी वचन दिलं.

२२ डिसेंबर, शनिवार

दोन तासांवरच्या शहरात जाऊन नवे टायर घालून आलो. तिथे मला कुणी ओळखत नाही. जुने चार तिथेच टाकून दिले. दुकानातल्या पोराने विचारलं, इतके दिवस हेच चालवत होता? मी म्हटलं, गाडी आजच घेतली.

आता पुरावा नाही, असं येताना मनात आलं. पुरावा हा शब्द माझ्या मनात आला, यावरून मी काय झालोय ते कळावं. नवे टायर ब्रेक मारला की थांबतात, जिथे म्हणाल तिथे. वळणावर, आजीच्या बंद घरासमोर, मी मुद्दाम ब्रेक मारून बघितला. थांबली. मग तिथेच बराच वेळ बसून राहिलो.

किमिए दारात होती. गाडी आत घेताना ऐकून म्हणाली, "आवाज बदललाय गाडीचा." मी म्हटलं, थंडीने होतं तसं. आवाजावरून काय कळणार आहे कुणाला.

६ जानेवारी, रविवार

नवीन वर्ष आलं. यंदा दारावर सजावट केली नाही. किमिएने सणाचं जेवण केलं, पण दोन माणसांपुरतं, लेकीला सेंदाईहून येऊ नको म्हणून कळवलं.

सुट्टीत आजीच्या घराचं छप्पर मोकळं केलं. दीड मीटर साचला होता. रिकाम्या घरावर असा बर्फ राहिला तर वासे मोडतात. कमरेला दोर बांधून एकटा वर चढलो. खालून जाणारे थांबून म्हणत होते, होशिना-सान, किती करता तुम्ही. बायकोच्या चुकीसाठी किती करता. मी बर्फाचे ठोकळे कापत होतो, खाली टाकत होतो. दर वेळी कुणी तसं म्हणालं की पुढचा ठोकळा जरा मोठा कापायचो.

 

२० जानेवारी, रविवार

किमिएने व्हॅन सोडली. केंद्राने काढलं नाही, तिनेच कळवलं. दोनतीन घरांनी केंद्रात फोन केला होता म्हणे, आमच्या आजोबांना कोण घेऊन जाणार हे आधी कळवत जा. ते तिच्या कानावर गेलं. आता ती केंद्राच्या स्वयंपाकघरात भाज्या सोलते. सकाळी सहा चाळीसच्या बसने जाते. आपल्या गाडीला तिने त्या दिवसापासून हात लावलेला नाही, शेजारच्या सीटवरही बसत नाही.

मी म्हटलं, मी सोडतो केंद्रावर, वाटेतच आहे. "नको," म्हणाली. मग डबा भरता भरता, "तुम्हाला काही बोलायचं असेल तर बोला." मी म्हटलं, बसस्टॉपवर थंडी फार असते, टोपी घालत जा.

अकरा वर्षं जिच्या गाडीत म्हातारे डुलक्या घ्यायचे ती आता मुळे सोलते आणि लोक तिला बिचारी म्हणतात. एक वाक्य मी बोलायचं आहे. पोलीस चौकीत बोललो तर खटला उभा राहील, नोकरीला दोन वर्षं राहिलीत. केंद्रात बोललो तर वस्तीभर होईल. असं एकेक दार मोजत जातो आणि शेवटी कुठल्याच दारात शिरत नाही. भित्रा आहे मी. हे लिहायला सोपं जातं, कारण वही उलटून बोलत नाही.

३ फेब्रुवारी, रविवार

आज दाणे फेकायचा दिवस. वाईट बाहेर, चांगलं आत, असं म्हणत दारातून भाजलेले सोयाबीन टाकायचे. दरवर्षी ओरडायचं काम माझं. किमिएने वाटी हातात दिली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. मला "वाईट बाहेर" म्हणता येईना. घसा बसलाय म्हटलं. मग तीच हळू आवाजात म्हणाली आणि दाणे उंबऱ्याबाहेर टाकले. एरवी जास्त टाकते.

नंतर वयाइतके दाणे मोजून खायचे असतात. छप्पन दाणे चावता चावता मी टीव्ही बघत होतो. ती बघत नव्हती.

२४ फेब्रुवारी, रविवार

वस्तीची फिरती पाटी आज आमच्या घरी आली. सूचना वाचायच्या, शिक्का मारायचा आणि पुढच्या घरी द्यायची. पाण्याचे पाइप गोठू देऊ नका, कचऱ्याचे वार बदलले, वगैरे. खाली ओनोझुकांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय: होशिना तेरुओ-सान यांनी या हिवाळ्यात त्सुने आजींचं छप्पर पाच वेळा मोकळं केलं. मनात काही न ठेवणारी अशी माणसं आपल्या वस्तीत आहेत, हे आपलं भाग्य.

मनात काही न ठेवणारी. चांगला माणूस आहे ओनोझुका, भोळा. खरं कळलं तर काय वाटेल त्याला.

पाटीवर माझा शिक्का मी मारला. माझ्याच कौतुकाखाली. तोच शिक्का, दुसरा नाहीच माझ्याकडे. किमिए मागून बघत होती. "नीट उमटला का?" एवढंच म्हणाली.

१० मार्च, रविवार

गाडीचा अनुभव लिहायचा राहूनच गेला. घेतल्यापासून नऊ हजार किलोमीटर झाले. सीट गरम होतात, मागे फावडी, दोर, जॅक सगळं राहतं, चढाला कधी कुरकुर नाही. तक्रार करायला जागाच नाही. दोष द्यायला गाडी उपयोगाची नाही.

तेल बदलायला कुवाबाराकडे नेली. इतके दिवस टाळत होतो. त्याने गाडी वर उचलली, चाकांकडे बघितलं. "चांगले टायर घातलेत."

"हं. शहरात घेतले."

"डिसेंबरात?"

मी हो म्हटलं, कारण टायर बघून त्याला तारीखही कळत असणार. तो बराच वेळ फडक्याला हात पुसत राहिला. "माझ्याकडे आला असतात तरी चाललं असतं, होशिना-सान. मी काही विचारलं नसतं. विचारायचं नसतंच आपण." मग तेलाबद्दल बोलला.

त्याला शंका आलीय. पण तो कुणाला बोलणार नाही, तसा नाही तो. 

६ एप्रिल, शनिवार

आज एकटा गेलो. आजी आता चालायला शिकवतात त्या दवाखान्यात आहे. मुलगी म्हणते, आता तू एकटी राहायची नाहीस, माझ्याकडे चल, आणि या आठवड्यात तिने सामान न्यायला सुरुवात केली. मी आजीच्या घरातून दोन पेट्या उचलून गाडीत ठेवल्या, तेव्हा अंगणात अजून मळका बर्फ होता आणि त्यात तिचं ते सूप उभं खोचलेलं. पेट्या घेऊन दवाखान्यात गेलो. पाय आपोआप तिच्या खोलीत गेले. तोंड आपोआप उघडलं.

सगळं सांगितलं. नख न उमटलेलं रबर, पॉलिश, "हो", फोनवर म्हटलेलं, दुसऱ्या शहरातलं दुकान. खुर्चीवर बसून नाही, जमिनीवर बसून.

आजी खिडकीकडे बघत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "माहीत आहे मला."

मला वाटलं, वयामुळे नीट ऐकू आलं नसेल. मी पुन्हा सुरू केलं.

"ऐकलं रे. किमिएने सांगितलं होतं, पहिल्याच आठवड्यात. तुम्ही वड्या घेऊन आलात ना, त्यानंतर ती दुसऱ्या दिवशी एकटी आली. मी म्हटलं, मग पोलिसांना का नाही सांगत? म्हणाली, ते स्वतः सांगतील. नवीन वर्षाच्या आत सांगतील. मग म्हणाली, दाण्यांच्या सणापर्यंत. मग म्हणाली, छपरं मोकळी होईपर्यंत. दर गुरुवारी यायची ती, तुला नसेल माहीत."

मला नव्हतं माहीत. गुरुवारी केंद्रात उशीर होतो असं ती सांगायची.

"आणि आता काय म्हणते?" मी विचारलं.

"आता काही म्हणत नाही. गेल्या दोन गुरुवारी आली, सफरचंद सोलून दिलं आणि गेली. तो विषयच नाही काढला तिने."

मी रडलो. छप्पन वर्षांचा माणूस, दुपारी, परक्या दवाखान्यात. आजीने थोडा वेळ रडू दिलं. मग म्हणाली, "माझ्यापुढे काय बसलायस? माझं हाड जुळलं. घरी जा."

थकली असावी. मी पेट्या नर्सकडे दिल्या आणि निघालो.

७ एप्रिल, रविवार

सगळा दिवस विचार केला. किमिएला पहिल्यापासून माहीत आहे. ती हातमोजा काढून टायर पुसत बसली होती, तेव्हाच तिने ओळखलं. माझ्यासाठी खोटं बोलली आणि वाट बघत राहिली, आणि मी तिला टोपी घाल म्हणालो.

आता तिची लाज धुवून काढायची तर सगळ्यांसमोरच बोलायला हवं. घरात बोलून काय उपयोग, घरात तर माहीतच आहे. केंद्राला, त्या फोन करणाऱ्या घरांना कळलं पाहिजे. पुढच्या रविवारी पाट साफ करायला सगळी वस्ती जमते. तिथेच बोलतो. पोलिसांकडे सोमवारी जाईन. ठरलं. किती दिवसांनी नीट जेवलो आज. किमिएने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, कळेल तुला.

१४ एप्रिल, रविवार

बोललो.

सकाळपासून सगळे पाटात उतरून गाळ काढत होते. बर्फाचं पाणी, हाडं गोठवणारं. दुपारी रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर बसून भाताचे गोळे आणि लोणचं. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. मी उभा राहिलो, टोपी काढली. त्सुने आजीचा अपघात किमिएमुळे झाला नाही, म्हणालो. टायर जुने होते, मला सांगूनही मी बदलले नाहीत, तिला बदलले म्हणून खोटं सांगितलं आणि चार महिने तिला तुमच्यापुढे मान खाली घालून चालू दिलं. मग वाकलो आणि वाकलेलाच राहिलो.

मला वाटलं होतं शिव्या पडतील. कुणी चावायचंसुद्धा थांबलं नाही. कुणाच्या चेहऱ्यावर आश्चर्य नाही, कुवाबाराच्या नाही, ओनोझुकांच्या नाही. शेवटी ओनोझुका म्हणाले, "बसा, होशिना-सान. बरं केलंत." आणि माझ्या हातात भाताचा गोळा दिला. जरा वेळाने म्हणाले, "पाटी लिहायला मला फार जड गेलं होतं. यापुढे असं काही लिहायला लावू नका."

म्हणजे यांना सगळ्यांना माहीत होतं. सगळा हिवाळा. मी छपरावर होतो आणि हे "किती करता" म्हणत खालून हाक मारत होते, मला कळली नाही एवढंच.

किमिए बायकांत बसली होती. केंद्राच्या प्रमुख बाई उठून तिच्यापाशी गेल्या, व्हॅनचं काहीतरी बोलल्या. तिने मान हलवली, हो की नाही ते मला दिसलं नाही. मला एकदम हलकं वाटत होतं. दुपारी सर्वांत जास्त गाळ मीच काढला असेन. येताना शीळही घातली बहुतेक.

ती खांद्यावर फावडं घेऊन पुढे चालत होती. मी भरभर चालून गाठायला बघत होतो, ती तेवढंच अंतर राखत होती. दारात बूट काढताना म्हणाली, "सगळ्यांना सांगितलंत."

"हो. आजींनाही सांगितलं, आठ दिवसांपूर्वी."

"कळलं मला." तिने बूट जोडीने लावून ठेवले, माझेही. "मला कधी सांगणार होतात?"

मी म्हटलं, तुला तर माहीतच होतं.

"माहीत होतं. तुम्ही सांगितलं नाहीत." ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. "आज तिथे बसून ऐकलं मी, बाकीच्या बायकांबरोबर. त्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांना वाटलं, घरी आधी बोलला असाल." मग आत गेली.

मी इथे येऊन बसलो आणि वही उघडली. तीन पानं झाली. आत नळाचा आवाज येतोय, ती भांडी घासते आहे. इथून स्वयंपाकघर दहा पावलांवर आहे, आणि मी लिहीत बसलोय.